बापाचा रकाना

डिचोलीच्या नोंदणी कचेरीत
अठ्ठावीस वर्षं मी लोकांना त्यांचे बाप काढून देतो.
म्हणजे नक्कल. सही, शिक्का, पावती.
हल्ली गर्दी पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांची :
आजोबांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं
तर लिस्बनचं दार उघडत नाही.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या पायऱ्यांवर
माझी शाल्मली, युगांक आणि ज्योएल
मिरची-भजी आणि सहा जाडजूड खंड घेऊन बसतात.
सातवा अजून यायचाय.
प्रश्न एकच : औरवा कोणाची?

औरवा, काळ्या खाडीवरच्या तारीने वाढवलेली पोर,
ती काठावरून चालली की
बुडालेल्या देवळातली घंटा हलते.
युगांक म्हणतो, राजाची. तिसऱ्या खंडात
मेलेल्या राणीची अंगठी तिला चपखल बसली, विसरलात?
शाल्मलीचं मत, शत्रूची. सेनापती खोकतो
तश्शीच ती खोकते, दोनदा, मग थांबून एकदा.
"ते थांबणं उगाच लिहिलेलं नसणार."
ज्योएल भलतंच सांगतो : बाप नाहीच.
ती मिठातून झाली. म्हणून तिला तहान लागत नाही.
यावर दोघं त्याला भजीचे तुकडे फेकून मारतात.

आत माझ्या टेबलावर एकोणपन्नास सालचं पुस्तक.
ती तिरकी पोर्तुगीज अक्षरं सलग वाचणारा
आमच्यात आता आनाक्लेत एकटाच उरलाय,
तोही पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय.
पान एकशे बारा त्याने मला एकदाच वाचून दाखवलं होतं,
चष्मा न काढता, आवाज न बदलता :
मुलगी. आईचं नाव. वस्ती साळ.
बाप, आणि पुढे आडवी रेघ.

रेघेच्या सुरुवातीला शाईचा एक जाड ठिपका आहे.
कारकून तिथे थांबला होता.
ही माझी थिअरी. कोणीतरी नाव सांगितलं,
कोणीतरी म्हणालं, नको.
किंवा टाक गळका होता.

माझ्या आईचे डोळे घारे.
भाटकाराच्या घरातल्या भिंतीवर
टोपी हातात धरून उभा असलेला जो आहे, त्याचेही.
एवढ्या भांडवलावर अख्खा गाव सहा खंड रचू शकतो,
रचलेच.
आईने त्यातला एकही वाचला नाही.
तिला वाढवलं एका काकणकाराने,
पेटी डोक्यावर, पोर कडेवर, या जत्रेतून त्या जत्रेत.
जन्मभर त्याने परक्या मुठी दाबून दाबून काकणं चढवली.
बसलं म्हणजे आपलं झालं असं नसतं,
हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक.

"बाबा, तुमची थिअरी सांगा ना," शाल्मली खिडकीशी.
मी म्हटलं, चौथा खंड, पान तीनशे सोळा.
बाहेर वादळ, आत सगळे राजवंशावर तावातावाने बोलतायत
आणि तारी, एक शब्दही न बोलता,
मासळीतले काटे वेचून
उरलेला मऊ घास तिच्या ताटात सरकवतो.
"मग?"
मग काही नाही. तो बाप.
"हा पुरावा नाही हो," युगांक म्हणाला.
नाहीच. यावर शिक्का मारता येत नाही.

ज्योएल नक्कल न्यायला आत आला.
त्याचा रकाना भरलेला : पूर्ण नाव, वय, धंदा.
तो माणूस स्विंडनला गोदामात खोकी उचलतो म्हणे.
दोन नाताळ झाले, फोन नाही.
ज्योएलने कागदाची घडी घातली, परत उघडली,
त्या नावावरून बोट फिरवलं,
शाई सुकली का बघावं तसं.
छापील होतं ते.

निम्म्या पायऱ्या उतरून तो पुन्हा वर आला.
"अंकल, पान कितवं म्हणालात?"